दुसऱ्या वर्षाचा कौल

मृगाच्या सरी पंचगंगेच्या घाटावर उतरू लागल्या म्हणजे कोल्हापुरात कॉलेजांचे नवे वर्ष सुरू होते, आणि त्याबरोबरच अनेक घरांत एक जुनी चर्चा नव्याने निघते. मुलगा किंवा मुलगी शास्त्रशाखेचे पहिले वर्ष पार करून दुसऱ्या वर्षात आलेली असते. पहिल्या वर्षी सारे विषय एका पंक्तीस बसलेले असतात; दुसऱ्या वर्षी त्यांतील कोणाशी जन्माचे नाते जोडावयाचे व कोणास उंबऱ्यावरून निरोप द्यावयाचा, हे ठरवणे भाग पडते. जीवशास्त्राकडे ज्याचा ओढा आहे त्याच्यापुढे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशी नावे ओळीने उभी असतात, आणि अर्जावर त्यांपैकी एकापुढे खूण करावयाची असते. त्या एका खुणेकरिता घरातील वडील माणसे रात्री उशिरापर्यंत बसतात. कोणी नोकरीचा हिशेब मांडतो, कोणी अमक्याच्या मुलाचे उदाहरण देतो. ज्याचा प्रश्न असतो तो मात्र बहुधा गप्प असतो.

या साऱ्या खलात एक गोष्ट सर्वांनीच गृहीत धरलेली असते. ती ही की, दुसऱ्या वर्षी केलेली खूण पुसता येत नाही. देवळात कौल लावावा आणि देवाने उजवे किंवा डावे फूल द्यावे, की मग त्यापुढे बोलणे खुंटले, अशा भावनेने आपण या निवडीकडे पाहतो. हे गृहीत कितपत खरे आहे, हे तर्काने ठरवण्यापेक्षा इतिहासास विचारलेले बरे, असे आम्हांस वाटते. आपल्याच भाषेतील व आपल्याच मुलखातील ज्या माणसांनी जीवशास्त्रात नाव मिळवले, त्यांनी आपल्या वेळी कोणती खूण केली व पुढे ती कितपत पाळली, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या फाळणीचेच वय पाहू. वनस्पतींचा अभ्यास व प्राण्यांचा अभ्यास हे दोन्ही फार प्राचीन. परंतु दोहोंस मिळून 'जीवशास्त्र' असे एकच नाव असावे, ही कल्पना अवघी दोनशे-सव्वादोनशे वर्षांची. फ्रान्समध्ये लामार्क व जर्मनीत ट्रेव्हिरानुस या दोघांनी १८०२ साली स्वतंत्रपणे ते नाव आपापल्या ग्रंथांत वापरले, आणि झाड असो वा जनावर असो, जिवंतपणा म्हणजे काय हाच खरा प्रश्न आहे, असे सुचवले. पुढे १८७० नंतरच्या दशकात लंडन येथे टॉमस हक्स्ली याने शिक्षकांकरिता जो अभ्यासक्रम चालवला, त्यात विद्यार्थ्याने यीस्टची पेशी, नेचा, बेडूक व शेवंडीसारखा प्राणी हे सर्व एकाच मेजावर उघडून पाहावे, असा त्याचा आग्रह होता. मार्टिन या सहकाऱ्यासह त्याने १८७५ साली प्रसिद्ध केलेले प्रात्यक्षिकांचे पुस्तक त्याच धोरणाचे होते. म्हणजे ज्या काळी आपल्याकडे विद्यापीठे बाळसे धरीत होती, त्याच काळी विलायतेत या दोन शास्त्रांस एकत्र आणण्याची खटपट चालू होती. मुंबई विद्यापीठातही एके काळी एम्. ए.ची पदवी 'जीवशास्त्र' या एकाच विषयात मिळत असे. विषय वाढले, पुस्तके जाड झाली, प्रयोगशाळा निराळ्या झाल्या. तेव्हा एका घराच्या दोन चुली झाल्या, आणि पुढे दोनांच्या चार. वाटणी सोयीकरिता झाली, हे विसरून ती निसर्गानेच करून ठेवली आहे असे आपण मानू लागलो.

ही वाटणी जेवढी शास्त्राच्या वाढीने झाली, तेवढीच परीक्षांच्या रचनेने आपल्या मनात रुजली. जुन्या इंटर सायन्सची आठवण असणारी घरे अद्याप आहेत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती परीक्षा येई. गणिताचा तो 'ए ग्रूप' व जीवशास्त्राचा तो 'बी ग्रूप'. 'ए' घेणाऱ्याचे डोळे इंजिनिअरिंगकडे, 'बी' घेणाऱ्याचे मेडिकलकडे. 'बी ग्रूप' घेतलेल्या मुलास तू बेडूक का चिरतोस असे विचारले असते, तर डॉक्टर व्हावयाचे म्हणून, हेच उत्तर शंभरांतून नव्वद जणांनी दिले असते. मेडिकलला जागा मिळाली नाही, म्हणजे मग वनस्पतिशास्त्र की प्राणिशास्त्र हा प्रश्न निघे. आणि तो निघे तेव्हा घरात उत्साह नसे, सुतकी कळा असे. आज परीक्षांची नावे पालटली आहेत. मेडिकलची चाळणी बारावीनंतरच लागते, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर आरंभी अनेक विषय घेऊन पुढे एक मुख्य व एक गौण विषय ठरवण्याची रीत घातली आहे. परंतु सुतकी कळा तीच आहे. जीवशास्त्राच्या वर्गात बसलेल्या कित्येक मुलांच्या मनात, आपण पहिल्या पंक्तीस नव्हतो म्हणून या पंक्तीस बसलो, ही खंत घर करून असते, आणि दुसऱ्या वर्षाची निवड या खंतीच्या सावलीत होते.

वैद्यकाविषयी हा जो आदर आहे तो अस्थानी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोल्हापुरास तर तो विशेष शोभतो. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरीची पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांस कोल्हापूर संस्थानाने येथील आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले होते. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला आणि ती जागा त्यांच्याविना राहिली. पुढे शाहू छत्रपतींच्या आश्रयाने वैद्यकात पुढे आलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच नगरीत स्त्रियांची शुश्रूषा केली. ते हॉस्पिटल आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने लोक ओळखतात. ज्या गावाने डॉक्टर स्त्रीची वाट पाहिली व ती आली नाही म्हणून हळहळ केली, त्या गावाने आपल्या मुलीस डॉक्टर करण्याची हौस बाळगावी यात नवल ते काय? दोष या हौशीत नाही. वैद्यक हे जीवशास्त्राचे एकमेव सार्थक आहे, उरलेले सारे त्याचा चोथा आहे, या समजुतीत तो आहे.

या समजुतीस सर्वांत मोठे उत्तर डार्विनच्या चरित्रात आहे. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर. तेव्हा चार्ल्सनेही तेच करावे म्हणून त्यास १८२५ साली एडिंबरो येथे वैद्यक शिकण्यास धाडले. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती; शस्त्रक्रिया पाहून तो पळून आला, आणि पुन्हा त्या खोलीत गेला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने वैद्यकाकडे जवळजवळ पाठ फिरवली आणि रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर समुद्रकाठी भरती-ओहोटीच्या खडकांतील बारीक प्राणी धुंडाळण्यात तो रमला. मार्च १८२७ मध्ये तेथील विद्यार्थ्यांच्या एका मंडळापुढे त्याने आपले पहिले लहानसे निरीक्षण वाचून दाखवले. त्याच वर्षी पदवीवाचून त्याने एडिंबरो सोडले. वडिलांच्या दृष्टीने ती दोन वर्षे फुकट गेली. पुढे केंब्रिजला त्यास धर्मोपदेशक होण्याकरिता पाठवले, तर तेथे त्याने मैत्री जोडली ती हेन्स्लो या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाशी. हा हेन्स्लो स्वतः आधी खनिजशास्त्राचा अध्यापक होता. त्याच्याच शिफारशीने डार्विन १८३१ साली 'बीगल' जहाजावर चढला. आणि ज्या डार्विनास आपण प्राण्यांच्या उत्क्रांतीकरिता ओळखतो, त्याने उत्तरायुष्याची कितीतरी वर्षे वेली, ऑर्किडे व कीटकभक्षक वनस्पती यांच्या निरीक्षणात घालवली. तो वनस्पतिशास्त्रज्ञ की प्राणिशास्त्रज्ञ, हे सांगणे त्यासही जड गेले असते.

परंतु इतक्या दूरच्या व इतक्या थोर माणसाचे उदाहरण आमच्या घरांस पटावयाचे नाही, हे आम्ही जाणून आहो. तेव्हा आपल्या मुलखात येऊ.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९०९ साली त्यांनी एम्. ए. केले, ते वर सांगितलेल्या अविभक्त जीवशास्त्रात. आणि तेथेच ते शिकवू लागले. सुटीत सह्याद्री पालथा घालण्याची त्यांस आवड होती. अशाच भटकंतीत, कृष्णेला मिळणाऱ्या सह्याद्रीतील नद्यांच्या डोहांत, त्यांना गोड्या पाण्यातील एक जेलीफिश आढळली. जेलीफिश म्हणजे समुद्राचा जीव. गोड्या पाण्यातील तिची ही जात तोवर केवळ आफ्रिका खंडातच ठाऊक होती. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील ॲनंडेल यांनी या नव्या जातीस 'लिम्नॉक्निडा इंडिका' असे नाव दिले. ही गोष्ट १९११-१२ च्या सुमाराची. भारत व आफ्रिका यांच्या गोड्या पाण्यातील जीवांचे नाते काय, हा मोठा प्रश्न त्या इवल्याशा पारदर्शक प्राण्याने उभा केला. कोणासही वाटावे की, या तरुणाची शाखा आता ठरली. हा प्राणिशास्त्रज्ञ होणार.

परंतु १९१४ साली कलकत्ता विद्यापीठात सर रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निघालेल्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर आघारकरांची नेमणूक झाली. उच्च अभ्यासाकरिता ते जर्मनीस गेले, तोच महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांस तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. त्या आपत्तीतूनही त्यांनी विद्याभ्यास पुरा केला. बर्लिनमध्ये एंग्लर या जगद्विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञापाशी राहून १९१९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यास वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले, आणि निवृत्त झाल्यावर पुण्यास येऊन महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही नव्याने स्थापन झालेली संस्था उभी करण्यात १९६० साली देह ठेवीपर्यंतचे आयुष्य वेचले. १९९२ पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाच्या या संस्थेत वनस्पतींबरोबर सूक्ष्मजीवांवरही काम चालते, आणि गोड्या पाण्यातील हायड्रा या प्राण्यावरही तेथे नावाजलेले संशोधन झाले आहे. हा हायड्रा जेलीफिशचाच भाऊबंद. जीवांच्या घरातील नाती अशी पुनःपुन्हा दारात येऊन उभी राहतात.

आघारकरांनी वाट बदलली त्याची किंमत त्यांस द्यावी लागली, हे येथे विसरून चालणार नाही. तिसाव्या वर्षी, अध्यापक झाल्यावर, ते पुन्हा विद्यार्थी झाले. परक्या देशात, परक्या भाषेत, कैदेच्या छायेत. वाट बदलता येते, याचा अर्थ ती फुकट बदलता येते असा नव्हे.

दुसरे उदाहरण पुण्याचे, आणि ते आमच्या विषयास अधिक लागू आहे. कारण त्यात निवडीचा प्रश्न घरातच उभा राहिला होता. कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुशार, हुजूरपागेत शिकलेली. वडिलांची इच्छा अशी की, तिने वैद्यक शिकावे व डॉक्टरशीच लग्न करावे. वडील स्वतः जीवशास्त्राचे शिक्षक असून त्यांनाही मुलीकरिता मेडिकलच हवे होते, यावरून ही ओढ किती जुनी व किती खोल आहे ते दिसते. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि विशेष प्राविण्यासह पदवी मिळवली. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली एम्. एस्सी. केले, त्याकरिता विषय घेतला तो सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा व त्यांतील रंगसूत्रांचा. मध्यंतरी १९३९ साली त्यांचा विवाह झाला तो गणिताचे अभ्यासक जयसिंग त्र्यंबक रणदिवे यांच्याशी, आणि या गणिती पतीचे साहाय्य त्यांस आपल्या अभ्यासात होत राहिले.

सीताफळाच्या पेशी पाहणाऱ्या बाईंचे पुढे काय व्हावे? त्या मुंबईस गेल्या, टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या, आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या त्यांनी शिकून घेतली आणि परत येऊन इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी व शरीरातील अंतःस्रावांशी काय संबंध असतो, याचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. वडिलांनी मुलीस रोग्यांच्या सेवेस धाडावयाचे म्हटले होते. मुलगी वैद्यकाच्या कॉलेजात पाऊल न ठेवता रोगाच्या मुळाशी जाऊन पोचली. आणि तेथे नेणारी तिची पहिली शिदोरी कोणती, तर एका फळझाडाची पेशी काचेखाली नीट पाहण्याची सवय. पेशी झाडाची की जनावराची, हे पेशीस ठाऊक असते. ती पाहण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे एकच असते.

तिसरे नाव थोडक्यात सांगतो. दुर्गाबाई भागवत यांस मराठी वाचक जाणतात; त्यांच्या धाकट्या भगिनी कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. त्यांनी कॉलेजात जीवशास्त्र घेतलेच नव्हते. १९३३ ची त्यांची मुंबईची पदवी पदार्थविज्ञान व रसायनाची. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी बाई म्हणून त्यांस प्रथम प्रवेश नाकारला, आणि मग अटी घालून दिला. तेथे दूध व डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले, आणि केंब्रिजला जाऊन बटाट्याच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे श्वसनाचे द्रव्य असल्याचे दाखवून १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. रसायनाच्या वाटेने निघालेली मुलगी वनस्पतीच्या श्वासापाशी जाऊन पोचली! तो श्वास घेण्याची रीत झाडांत व प्राण्यांत मुळाशी सारखीच आहे, हे त्या कामाचे मर्म होते.

येथे एक चतुर वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, ही सारी निवडक माणसे झाली. एकाचे वडील प्राध्यापक, एकास अध्यासन मिळाले, एक केंब्रिजला गेली. आमची मुले गडहिंग्लज-कागलहून एस्. टी.ने कॉलेजला येतात. त्यांची खूण चुकली तर त्यांस सावरण्यास कोण आहे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास थोरांची चरित्रे हे उत्तर नव्हे. त्याचे उत्तर कोल्हापुरातच शोधले पाहिजे.

कोल्हापुरास राजाराम कॉलेज १८८० पासून आहे. परंतु उच्च परीक्षांची सूत्रे दीर्घकाळ मुंबईच्या हाती, आणि पदवीनंतर संशोधन करू इच्छिणाऱ्यास पुण्या-मुंबईचा रस्ता. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू झाले. आरंभी ३४ कॉलेजे या विद्यापीठास जोडलेली होती. शहराच्या पूर्वेस उघड्या माळावर त्याची वास्तू उभी राहिली, आणि शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलास प्रथमच आपल्या जिल्ह्यात राहून पदवीच्या पुढे जाता येऊ लागले. पश्चिमेस पन्हाळा, गगनबावडा, आंबा, राधानगरी, दाजीपूर असा सह्याद्री अंगणात. ज्या डोंगरांकरिता परदेशचे विद्वान जहाजाने येत, ते येथील विद्यार्थ्यास एका दिवसात पाहून परत येता येतात.

या डोंगरांच्या वनस्पतींचा जुना आधारग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची. १९०१ ते १९०८ या काळात ती प्रसिद्ध झाली. हे कुकसाहेब मूळचे इंजिनिअर. रेल्वेच्या कामावर ते या देशात आले, वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाशी त्यांचे नाव निगडित आहे, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल होते. निवृत्तीनंतर विलायतेत बसून त्यांनी आपल्या झाडझाडोऱ्याची ही मोजदाद पुरी केली. पूल बांधणाऱ्याचे हे पुस्तक वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी शंभर वर्षे उशाशी घेऊन आहेत.

त्यानंतर शंभर वर्षांनी, २००२ साली, शिवाजी विद्यापीठाने कोल्हापूर जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. ती सिद्ध करणारे डॉ. श्रीरंग यादव व डॉ. मिलिंद सरदेसाई हे याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले. ज्या काळी चोहीकडे रेणूंचा व जनुकांचा बोलबाला होता, झाडांची नावे शोधणे हे जुनाट काम समजले जात होते, त्या काळी या विभागाने डोंगर पायांखाली घालण्याची शाखा धरून ठेवली, आणि शास्त्रास ठाऊक नसलेल्या कित्येक जाती उजेडात आणल्या. दुसऱ्या वर्षी 'यात वाव नाही' म्हणून जो विषय घरोघर बाजूस सारला गेला असेल, त्याच विषयाने कोल्हापूरचे नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात नेले.

या विभागाने जतन केलेल्या वनस्पतींत कंदीलपुष्पाच्या जाती विशेष प्रसिद्ध आहेत. कोठे कोठे यास खर्चुडी म्हणतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, गवतात दडून, ही नाजूक वेल फुलते. फूल खरोखरच कंदिलासारखे, खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाकळ्यांची छत्री. कंद खाण्याजोगा असल्याने माणसे व डुकरे तो उकरतात, आणि कित्येक जाती त्यापायी दुर्मीळ झाल्या आहेत. या फुलाची रचना मोठी गमतीची असते. नळीत आतल्या बाजूस खाली वळलेले केस असतात. गंधाने ओढली गेलेली बारीक माशी आत घसरते, आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. ती तेथे कैदेत पडते, धडपडते, त्या धडपडीत परागांची पुडकी तिच्या सोंडेस चिकटतात. पुढे केस सुकतात, फूल कलते, माशी सुटते, आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा तशीच अडकते. तेव्हा कोठे बी धरते. आता हा विषय वनस्पतिशास्त्राचा की प्राणिशास्त्राचा? कंद लावून वेल वाढवता येईल. पण माशी कोणती, ती कोठे वाढते, तिला कोणता गंध ओढतो, हे ज्यास ठाऊक नाही त्यास ही वेल रानात टिकवता येणार नाही. फुलास माशीवाचून संतती नाही. त्यांच्या संसारात आपले विभाग व पेपर यांस जागा नाही.

आणि काम तर किती पडले आहे! पश्चिम घाटास २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात राधानगरीचे अभयारण्यही आहे. परंतु त्या बाहेरचे सडे, म्हणजे पावसाळ्यात रंगीबेरंगी फुलांनी भरणारी ती जांभ्या दगडाची पठारे, लोकांच्या दृष्टीने नुसते खडक. त्यांखाली बॉक्साइट आहे, म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात त्यांतील काहींवर खाणीही चालल्या. पठार खणले गेले म्हणजे त्यावरील जीव नाव मिळण्यापूर्वीच नाहीसा होऊ शकतो. त्याची नोंद करावयास ज्याने जावयाचे, तो आज कोठल्या तरी घरात अर्जापुढे गप्प बसलेला आहे, आणि त्याला सांगितले जात आहे की, मेडिकल गेले तेव्हा आता काहीही घेतले तरी सारखेच.

काहीही घेतले तरी सारखेच नव्हे, हे आम्हांस येथे आवर्जून सांगावयाचे आहे. खूण पुसता येते, एवढ्यावरून ती निष्काळजीपणे करावी असा अर्थ कोणी काढू नये. वर सांगितलेल्या साऱ्यांच्या चरित्रांत एक समान धागा आहे. त्यांनी विषयाच्या नावावर भिस्त ठेवली नाही; हाताशी असलेल्या एका कामावर ती ठेवली. आघारकर डोहात उतरले, कमलाबाईंनी डाळ व बटाटा हाती घेतला, रणदिवे बाईंनी सीताफळाची पेशी घेतली. ते काम त्यांनी जीव ओतून केले, म्हणून पुढच्या वळणावर दुसरे काम त्यांच्या हाती सोपवावे असे कोणास तरी वाटले. आणि त्या वळणावर प्रत्येक वेळी एक शिक्षक उभा होता. एंग्लर, खानोलकर, गे. विषय चांगला की वाईट हे विद्यार्थ्यास अठराव्या वर्षी कळणे कठीण. परंतु शिक्षक चांगला की नाही, हे त्यास एका वर्षात पुरते कळलेले असते. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या निवडीत घराने बाजारभाव विचारण्यापूर्वी मुलास दोन प्रश्न विचारावेत. प्रयोगशाळेत तास संपल्याची घंटा झाली ती कोणत्या विषयात तुला ऐकू आली नाही? आणि कोणता शिक्षक असा आहे की, त्याच्याबरोबर पावसात डोंगर चढावयास तू जाशील? या दोहोंची उत्तरे एका विषयाकडे बोट दाखवीत असतील तर तो घ्यावा. मग त्याचे नाव वनस्पतिशास्त्र असो की सूक्ष्मजीवशास्त्र. उत्तरे दोन दिशांस गेली, तर एक मुख्य व दुसरा गौण ठेवावा, आणि गौणास सावत्र मानू नये.

पोटाचा प्रश्न आम्ही टाळीत नाही. नुसत्या पदवीवर भागत नाही. पुढे शिकावे लागते, स्पर्धेच्या परीक्षा द्याव्या लागतात, वर्षे जातात. मध्यमवर्गीय घरास ती वर्षे जड असतात, हे खरे. पण मन नसलेल्या विषयात घालवलेली वर्षे स्वस्त असतात, असे कोणी दाखवून दिलेले नाही. एडिंबरोत डार्विनची दोन वर्षे फुकट गेली असे त्याच्या वडिलांस वाटले. आज त्या दोन वर्षांतील ओहोटीच्या वेळेचा तेवढा हिशेब जगास आठवतो.

असो. अर्ज तर भरलाच पाहिजे, आणि एका नावापुढे खूण केलीच पाहिजे. त्यावाचून कॉलेज पुढे सरकत नाही. ती खूण देवाचा कौल म्हणून करू नये, आणि पराभवाची सही म्हणून तर मुळीच करू नये. खूण करून झाली म्हणजे भाद्रपदातील एखाद्या रविवारी, पाऊस जरा उघडला असता, वडीलधाऱ्यांनी मुलास घेऊन पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जावे. तेथे फुले असतील, फुलांवर माश्या असतील, आणि दगडाच्या खळग्यांतील पाण्यात डोळ्यांस न दिसणारे आणखी पुष्कळ काही असेल. मुलगा प्रथम कशापाशी वाकतो, ते मात्र न बोलता पाहावे.